सूर घुमतो, शब्द हरवतो
कीबोर्डवरील रिव्हर्ब आणि कोरस यांमागचे विज्ञान

पेणमधील एका शाळेतील संगीतशिक्षिका माझ्या परिचयाच्या आहेत. आंतरशालेय समूहगीत स्पर्धेसाठी त्यांनी तीस मुलामुलींची तयारी करून घेतली होती. साथीला शाळेचा इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड होता. त्याची 'सेटिंग्ज' बाईंनी घरी, कानाला हेडफोन लावून, मोठ्या हौसेने ठरवली होती. रिव्हर्ब 'हॉल' या प्रकारावर आणि भरपूर, कोरसही चालू. वर्गात तालीम झाली तेव्हा सर्वांना वाटले, गाणे कसे भरल्यासारखे लागते आहे!

स्पर्धा रोह्याला होती. सभागृह नवे, सिमेंटच्या भिंतींचे, फरशी चकचकीत. सकाळी रिकाम्या सभागृहात मुलांनी पहिले कडवे म्हटले आणि बाईंचा चेहरा उतरला. सूर घुमत होते, पण शब्द एकही कळत नव्हता. शिवाय मुले नेहमीपेक्षा बेसूर वाटत होती. "सर, कीबोर्ड बिघडला की काय?" बाईंनी मला विचारले. कीबोर्ड बिघडला नव्हता. मुलेही तीच होती. बदलली होती ती खोली. आणि कीबोर्डमध्ये आपण जी खोली 'भरून' आणली होती, ती या खऱ्या खोलीवर येऊन चढली होती.

हे कसे घडले ते समजून घ्यायचे तर ध्वनीच्या पाठातील दोन जुन्या गोष्टींकडे परत जावे लागेल: निनाद आणि विस्पंद.

प्रतिध्वनी आणि निनाद

ध्वनीचा हवेतील वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. मूळ ध्वनी आणि परावर्तित ध्वनी वेगवेगळे ऐकू येण्यासाठी त्यांत ०.१ सेकंदाचे अंतर हवे, म्हणून भिंत किमान १७ मीटर दूर हवी, हे आपण नववीला शिकवतो. विजापूरच्या गोल घुमटात एक टाळी पुन्हा पुन्हा परत येते, ती या प्रतिध्वनीमुळेच. तेथील घुमटाचा आतला व्यास सुमारे ३८ मीटर आहे.

वर्गात किंवा सभागृहात मात्र एकच परावर्तन होत नाही. भिंती, छत, जमीन यांवरून ध्वनी शेकडो वेळा उलटसुलट फिरतो. ही परावर्तने इतकी दाट येतात की ती सुटी ऐकू येत नाहीत. मूळ ध्वनीला जणू एक लांब शेपटी फुटते. हाच निनाद. ध्वनीची तीव्रता मूळच्या दहा लाखांश होण्यास, म्हणजे ६० डेसिबलने उतरण्यास, जेवढा वेळ लागतो त्याला निनादकाल म्हणतात.

निनाद सर्वस्वी वाईट नाही. मूळ ध्वनीनंतर साधारण ५० मिलिसेकंदांच्या आत पोचणारी परावर्तने कान मूळ ध्वनीतच मिळवून टाकतो. त्यामुळे आवाज मोठा आणि भरदार वाटतो. बोलणाऱ्याला त्यांची मदतच होते. त्यानंतर येणारी परावर्तने मात्र पुढच्या अक्षरावर पडतात आणि ते झाकून टाकतात. संगीताला थोडी शेपटी शोभते. शब्दाला ती अडचणीची होते. समूहगीत हे दोन्ही असल्यामुळे तेथे तडजोड नाजूक असते.

उशांनी मोजलेला निनाद

या विषयाचा पाया अमेरिकेतील एका भौतिकशास्त्राच्या शिक्षकाने घातला. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग कलासंग्रहालयातील व्याख्यानगृह नवेच बांधून झाले होते, पण तेथे व्याख्यान समजत नसे. वॉलेस क्लेमंट सेबिन या तरुण प्राध्यापकाला यावर उपाय शोधण्यास सांगण्यात आले. त्याने साधने घेतली ती अगदी साधी: एक ऑर्गनची नळी, एक वेळमापक आणि शेजारच्या नाट्यगृहातील खुर्च्यांच्या उशा. आजूबाजूची वर्दळ थांबल्यावर, रात्री, तो नळी वाजवी आणि आवाज पूर्ण विरायला लागणारा वेळ मोजी. रिकाम्या खोलीत हा वेळ सुमारे साडेपाच सेकंद भरे. मग तो काही उशा आणून ठेवी आणि पुन्हा मोजी. उशा वाढल्या की वेळ कमी होई. यातूनच त्याला पुढील नियम सापडला:

निनादकाल (सेकंद) = ०.१६१ × खोलीचे घनफळ (घनमीटर) ÷ एकूण शोषण (चौरस मीटर)

शोषण चौरस मीटरमध्ये का? उघडी खिडकी तिच्यावर पडणारा सगळा ध्वनी बाहेर जाऊ देते. म्हणून १ चौ.मी. उघडी खिडकी म्हणजे १ एकक शोषण. गिलावा केलेली भिंत आपल्यावर पडणाऱ्या ध्वनीचा जेमतेम ३ टक्के भाग शोषते, म्हणून तिचे १०० चौ.मी. म्हणजे फक्त ३ एकके. कपडे घातलेले एक मूल मात्र एकटेच ०.३५ ते ०.४ एकक शोषते. श्रोते हेच सभागृहाचे सर्वांत मोठे शोषक असतात!

पेणच्या शिक्षकांना याचा एक प्रत्यय गावातच घेता येईल. गणपतीच्या मूर्तींचा एखादा कारखाना श्रावणात पाहा. फळ्यांवर, जमिनीवर, सर्वत्र लहानमोठ्या मूर्ती. तेथे टाळी वाजवली तर ती चटकन विरते. मूर्तींच्या असंख्य वळणांमुळे ध्वनी विखुरतो, त्याच्या धडका वाढतात, आणि न रंगवलेला शाडू किंवा प्लॅस्टर थोडा ध्वनी पिऊनही घेते. चतुर्थीनंतर त्याच रिकाम्या शेडमध्ये टाळी वाजवा. फरक सांगावा लागणार नाही.

पेणचा वर्ग, रोह्याचे सभागृह

आता सेबिनचे सूत्र वापरून आपल्या घटनेचा हिशेब करू. आकडे ढोबळ घेतले आहेत.

पेणचा वर्ग ७ × ६ × ३.५ मीटर, म्हणजे १४७ घनमीटर. छत कौलारू, फटींचे. छताचे शोषण सुमारे ६, उघड्या दारे-खिडक्यांचे ६, भिंती व जमीन मिळून साडेतीन. एकूण १५.५ एकके. निनादकाल = ०.१६१ × १४७ ÷ १५.५ = दीड सेकंद. त्यात चाळीस मुले बसली की १४ एककांची भर पडते आणि निनादकाल ०.८ सेकंदांवर येतो.

रोह्याचे सभागृह २० × १२ × ६ मीटर, म्हणजे १,४४० घनमीटर. भिंतींचे शोषण ११, फरशी आणि स्लॅब यांचे मिळून १०, दारे-खिडक्यांचे १५. एकूण ३६. निनादकाल = ०.१६१ × १४४० ÷ ३६ = ६.४ सेकंद! दोनशे श्रोते आल्यावर ८० एककांची भर पडते आणि तो २ सेकंदांवर येतो.

या आकड्यांचा शब्दांवर काय परिणाम होतो? समजा, मुले सेकंदाला तीन अक्षरे गातात. दुसरे अक्षर उमटेपर्यंत पहिल्या अक्षराचा आवाज किती उतरलेला असेल?

• भरलेल्या वर्गात (०.८ सेकंद): २५ डेसिबल. म्हणजे मूळच्या तीव्रतेचा सुमारे तीनशेवा भाग उरतो.
• भरलेल्या सभागृहात (२ सेकंद): १० डेसिबल. दहावा भाग उरतो.
• रिकाम्या सभागृहात (६.४ सेकंद): जेमतेम ३ डेसिबल. निम्मा आवाज अजून शिल्लकच असतो.

स्वर जोरकस असतात, व्यंजने दुबळी. मागच्या अक्षराच्या 'आ'ची शेपटी पुढच्या 'क', 'त', 'प' वर पडते आणि त्यांना गिळते. मग काल, चाल, साल, ताल हे सगळे एकसारखेच ऐकू येतात. बाईंच्या मुलांचे उच्चार चांगलेच होते. सभागृह ते पोचू देत नव्हते.

कीबोर्डमधली खोली

कीबोर्डवरील 'रिव्हर्ब' म्हणजे हा निनाद कृत्रिम रीतीने निर्माण करणे. एके काळी यासाठी खऱ्याखुऱ्या वस्तू वापरत. हॅमंड ऑर्गनमध्ये स्प्रिंगा असत. १९५७ साली जर्मनीत टांगलेल्या मोठ्या पोलादी पत्र्याला कंप देऊन निनाद मिळवणारे यंत्र निघाले. म्हणूनच आजही रिव्हर्बच्या यादीत 'प्लेट' हे नाव दिसते. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीस बेल प्रयोगशाळेतील मॅनफ्रेड श्रोडर याने हे काम गणिताने करण्याची रीत दाखवली. ध्वनीचे आकडे स्मृतीत साठवायचे, वेगवेगळ्या विलंबाने बाहेर काढायचे, थोडे क्षीण करून पुन्हा आत सोडायचे. सेकंदाला ४४,१०० नमुने घेणाऱ्या वाद्यात ३० मिलिसेकंदांचा विलंब म्हणजे १,३२३ आकड्यांची रांग. अशा काही रांगा एकत्र चालवल्या की भिंती नसलेली खोली तयार होते.

वाद्यावर रिव्हर्बच्या दोन गोष्टी बदलता येतात आणि त्यांची गल्लत होऊ देऊ नये. पहिली, प्रकार: 'रूम', 'स्टेज', 'हॉल' इत्यादी. याने शेपटीची लांबी ठरते. दुसरी, प्रमाण: मूळ आवाजात ही शेपटी किती मिसळायची. बहुतेक वाद्यांत हे प्रमाण ० ते १२७ या आकड्यांत असते. वाद्यांनी एकमेकांशी बोलण्यासाठी १९८३ मध्ये 'मिडी' ही भाषा आली. तिच्यात रिव्हर्बच्या प्रमाणासाठी ९१ आणि कोरसच्या प्रमाणासाठी ९३ हे क्रमांक वापरले जातात. आकडा ० ते १२७ असण्याचे कारण असे की तो सात बिटांत लिहिला जातो आणि २ चा सातवा घात १२८ होतो. संगणकाच्या तासाला हे उदाहरण चांगले उपयोगी पडते.

आता मुख्य मुद्दा. रिव्हर्बचे बटण निनाद फक्त वाढवू शकते. खोलीत आधीच असलेला निनाद कमी करू शकत नाही. शून्यावर नेले तरी सभागृहाचा निनाद उरतोच. हेडफोन लावल्यावर कानाभोवती खोलीच नसते, म्हणून आवाज कोरडा वाटतो आणि हात आपोआप बटण वाढवतो. तीच सेटिंग घेऊन आपण सभागृहात जातो तेव्हा एका खोलीत दुसरी खोली शिरते. कीबोर्डची लांब शेपटी मुलांच्या शब्दांवर पसरते. त्यातच मिक्सरवर माईकचा 'इको' अर्ध्यावर असला तर तिसरी खोली!

उघड्या मैदानात गोष्ट नेमकी उलट असते. गणेशोत्सवाच्या मंडपात, तिन्ही बाजू मोकळ्या असताना, ध्वनी परत येतच नाही. तेथे थोडा 'हॉल' रिव्हर्ब दिला तर तो योग्यच होय.

कोरस: एकाचे अनेक

मुले बेसूर का वाटली, हा दुसरा प्रश्न. त्याचे उत्तर कोरसमध्ये आहे.

तीस जण एकच स्वर गातात तेव्हा प्रत्येकाची वारंवारता किंचित वेगळी असते. ४४० आणि ४४२ हर्ट्झचे दोन स्वर एकत्र वाजले तर आवाज सेकंदाला दोनदा कमीजास्त होतो. हेच विस्पंद. अनेक आवाजांचे विस्पंद एकमेकांत मिसळले की स्वराला एक रुंदी येते; भजनी मंडळाचा आवाज एकट्या बुवांपेक्षा वेगळा लागतो तो यामुळेच. एका वाद्यातून हा आभास निर्माण करण्याच्या क्रियेला कोरस हे नाव पडले.

तो निर्माण कसा करतात? मूळ ध्वनीची एक प्रत सुमारे २० मिलिसेकंद उशिरा सोडतात, पण हा उशीर स्थिर ठेवत नाहीत. समजा, तो १८ ते २२ मिलिसेकंदांमध्ये दर दोन सेकंदांना एक फेरी या गतीने झोके घेतो. उशीर वाढत असताना प्रत जणू आपल्यापासून दूर जाते, कमी होत असताना जवळ येते. स्थानकातून जाणाऱ्या गाडीच्या शिट्टीचा स्वर जवळ येताना चढा आणि दूर जाताना उतरता लागतो, तोच डॉपलर परिणाम येथे घडतो. एका सेकंदात उशीर ४ मिलिसेकंदांनी बदलतो, म्हणजे सरासरी ०.४ टक्के, झोक्याच्या मध्यावर, जेथे गती सर्वांत जास्त, तेथे सुमारे ०.६३ टक्के. ४४० हर्ट्झचा स्वर त्यामुळे जवळजवळ २.८ हर्ट्झ वर आणि तेवढाच खाली डोलतो.

हा फरक क्षुल्लक वाटेल. पण वरपासून खालपर्यंतचा एकूण झोका पाहा: सुमारे १.२६ टक्के. आपल्या संगीतशास्त्रात २२ श्रुती मानतात. त्यांतील सर्वांत लहान, प्रमाण श्रुतीचे, गुणोत्तर ८१ : ८० सांगितले जाते. म्हणजे १.२५ टक्के! आपल्या उदाहरणातील कोरस, सूर दाखवणाऱ्या वाद्याची प्रत, एका श्रुतीएवढी हलवत राहतो.

तंबोरा जुळवताना आपण काय करतो? जोडीच्या तारा एकत्र छेडून विस्पंद मंद करत नेतो, ते थांबले की तारा जुळल्या. स्वर लागला हे ओळखण्याची ती खूणच आहे. कोरस चालू करणे म्हणजे वाद्यातच कायमचे विस्पंद घालून ही खूण पुसून टाकणे. शिकणाऱ्या मुलाला 'नेमके कोठे थांबायचे' हे मग कळत नाही. आणि समूहगीतात तर तीस मुलांचा नैसर्गिक कोरस आधीच हजर असतो. तेथे कीबोर्डचे काम आधाराचे. आधारच डोलू लागला तर त्यावर उभे राहणारे कसे स्थिर राहतील? ऑर्गन किंवा व्हायोलिनवृंदासारख्या आवाजावर एकट्याने धून वाजवायची असेल तर कोरस खुशाल वापरावा. सूर शिकवताना तो बंद असावा.

बटणे कोणत्या क्रमाने फिरवावीत

१. प्रथम कीबोर्डचा रिव्हर्ब आणि कोरस शून्यावर आणावा. मिक्सरचा इकोही बंद करावा. अनेक वाद्ये चालू करताच रिव्हर्बचे प्रमाण आपोआप ४० च्या आसपास असते. म्हणून 'आपण काही केले नाही' म्हणजे शून्य, असे समजू नये.

२. जेथे कार्यक्रम आहे तेथे उभे राहून जोरात एक टाळी वाजवावी आणि शेपटी ऐकावी. 'एक हजार एक' असे म्हणायला साधारण एक सेकंद लागतो. तेवढ्यात आवाज विरला नाही तर रिव्हर्ब शून्यावरच ठेवावा.

३. शेपटी लहान असेल तर 'रूम' हा प्रकार घ्यावा. प्रमाण १० च्या पायऱ्यांनी वाढवावे. सभागृहाच्या शेवटच्या रांगेत, गीत पाठ नसलेल्या एका विद्यार्थ्याला बसवावे. त्याला शब्द लिहून काढता येतात तोपर्यंत ठीक. चुकू लागला की एक पायरी मागे यावे. गाणे पाठ असलेल्यांच्या कानांवर विश्वास ठेवू नये. त्यांना न उमटलेले शब्दही ऐकू येतात.

४. रिकाम्या सभागृहात ऐकून अंतिम निर्णय घेऊ नये. श्रोते आल्यावर निनाद बराच कमी होतो. मात्र त्या भरवशावर रिव्हर्ब आधीच वाढवूही नये.

५. माईक मुलांच्या जवळ आणावेत. जवळचा माईक मूळ आवाज जास्त घेतो, खोलीचा कमी. कोणत्याही बटणापेक्षा हा उपाय प्रभावी आहे.

रोह्याला आम्ही हेच केले. रिव्हर्ब शून्य, कोरस बंद, इको बंद, माईक पुढे. बाईंनी गाण्याची लयही थोडी उतरवली. निनाद लांब असेल तेथे अक्षरांना जागा द्यावी लागते. दुपारी सभागृह भरले. गाणे पेणच्या वर्गातल्याइतके सुबक लागले नाही, पण शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचले.

उरलेले बटण

परत येताना बाई म्हणाल्या, "सर, स्पर्धा वर्षातून एकदाच असते. पण ज्या वर्गात आम्ही रोज शिकवतो, तेथे काय होत असेल?" प्रश्न खरा होता. अमेरिकेत २००२ साली झालेल्या मानकानुसार २८३ घनमीटरपर्यंतच्या वर्गाचा निनादकाल, मुले नसताना, ०.६ सेकंदांपेक्षा जास्त नसावा. आपल्या हिशेबातील कौलारू वर्ग दीड सेकंदाचा आहे, आणि त्यातही खिडक्या उघड्या धरल्या आहेत. कौले जाऊन स्लॅब आला आणि पावसाळ्यात खिडक्या लावून घेतल्या की तो आणखी वाढतो. मागच्या बाकावरील मुलाला 'दहा' की 'सहा' हे कळत नाही, तेव्हा आपण त्याला लक्ष नसल्याबद्दल बोलतो. त्याच्यापर्यंत नुसती शेपटीच पोचत असेल, ही शक्यता किती वेळा ध्यानात घेतो?

हा निनाद कमी करणारे बटण कोणत्याही यंत्रावर नाही. ते काम कापडाने, जाड सतरंजीने, भिंतीपासून थोडे पुढे सोडलेल्या जाड पडद्यांनी होते. मागच्या भिंतीवर पहिला पडदा लावावा. आधी आणि नंतर फुगा फोडून मोबाईलवर आवाज ध्वनिमुद्रित करावा आणि विरायला लागणारा वेळ विद्यार्थ्यांकडून मोजून घ्यावा. सेबिनने उशा मोजल्या, आपल्या मुलांनी सतरंज्या मोजाव्यात. ध्वनीचा पाठ त्यांना वेगळा शिकवावा लागणार नाही, आणि पुढचे सगळे पाठ त्यांना अधिक स्पष्ट ऐकू येतील.